हवंय, आहे, मिळालं

खंडेनवमी. सकाळची पूजा आटोपली आहे. स्थळ, चाकणच्या आमच्या कंपनीतलं स्टोअरचं ऑफिस.

हजर: मी, कपाळाला कुंकू लावलेला माझा कॉम्प्युटर, आणि काचेपलीकडे हार घालून गप्प उभी असलेली यंत्रं. ईमेलच्या लिस्टवर हजर: मोशीचे देवकर साहेब, शुभेच्छांसह, खेडकडच्या एका गावचे येळवंडे काका, दरवर्षीच्या प्रश्नासह, भोसरीच्या रेखाताई, दरवर्षीच्या निरोपासह. गैरहजर: एक मेल. हा मेल गेली काही वर्षं गैरहजर आहे आणि त्याची नोंद मी दरवर्षी याच दिवशी करते.

कुठल्याही गोष्टीची सुरुवात हजेरीने करायची ही माझी नोकरीतली खोड. घरी पाहुणे जेवायला आले तरी मी मनात कोण आलं, कोण राहिलं याची उजळणी करते. नवरा म्हणतो, तुझ्या लग्नपत्रिकेवरही "गैरहजर" असा रकाना असायला हवा होता.

हे दिवस मला वासावरून कळतात. बाहेर ऊन अजून भाजत असतं, पावसाळा संपल्याचं ते ऊन सांगतं, पण खरं सांगतो तो डिझेलचा वास. वर्षभराचं तेल, चिकटा आणि लोखंडाचा भुसा काढायला सगळी यंत्रं डिझेलने पुसतात. त्या वासात झेंडूचा कडवट वास मिसळतो, वर उदबत्ती. एरवी बुळबुळीत असणारी जमीन आज कोरडी, आणि तिच्यावर कुणीतरी लेथ मशिनच्या पायाशी रांगोळी काढलेली. पूजा झाली की यंत्रं बंद. उद्या दसऱ्याचं सोनं वाटेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर आम्ही ज्या आवाजावर मात करायला ओरडून बोलतो तो आवाज एकदम थांबतो, आणि लोक तरीही ओरडूनच बोलत राहतात. "मॅडम, पेढा घ्या!" असं शेजारी उभं राहून कुणी कानात किंचाळलं की समजायचं, खंडेनवमी आली.

कॉम्प्युटर हत्यारात मोडतो का, हा आमच्याकडचा वार्षिक वाद. मी त्याला हळदीकुंकू वाहते, नमस्कार करते आणि लगेच चालू करते. कारण लिस्ट.

लिस्ट म्हणजे पिंपरीपासून खेडपर्यंतच्या कारखान्यांत आणि छोट्या वर्कशॉपांत यंत्रं दुरुस्त ठेवणाऱ्या माणसांची ईमेलची यादी. एकच पत्ता. त्यावर मेल टाकला की सगळ्यांना जातो. एखाद्याचं बेअरिंग गेलं, दुकानात मिळत नाही, तर तो लिहितो. दुसऱ्या कुणाच्या कपाटात तसंच बेअरिंग धूळ खात असतं, तो उत्तर देतो. बस, एवढंच. नवीन मुलं विचारतात, मॅडम, आजच्या काळात ईमेल कशाला, व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढा ना. मी त्यांना गेटपाशी नेते. आमच्यासारख्या बऱ्याच कंपन्यांत फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो, आत नेलाच तर कॅमेऱ्यावर स्टिकर. यंत्र बंद पडतं ते आत, आणि फोन असतो बाहेर. टेबलावरचा कॉम्प्युटर तेवढा आपला.

लिस्ट सुरू केली माझ्या जुन्या साहेबांनी. निवृत्त होताना त्यांनी ती माझ्या हवाली केली, तेव्हा पासवर्ड सांगण्याआधी एक गोष्ट सांगितली. "जगदाळे, लिस्ट म्हणजे पंगत. वाढणाऱ्याला कुणाचं पान रिकामं आहे ते दिसलं पाहिजे. सगळेच उठून उभे राहिले की उपाशी माणूस दिसत नाही." मग पासवर्ड सांगितला. तो त्यांच्या कुत्र्याचं नाव होता. मी आधी तो बदलला आणि मग पंगतीचा विचार केला.

विचार करून मी तीन शब्द ठरवले. कुणाला काही लागलं तर मेलच्या विषयात पहिला शब्द "हवंय", पुढे वस्तू आणि माप. कुणाकडे ती असली तर "आहे". आणि काम झालं की ज्याने मागितलं त्यानेच लिहायचं, "मिळालं", कुणाकडून मिळालं आणि बसलं का ते. दोन ओळींत. हा तिसरा मेल लोकांना सगळ्यात जड जातो. अडलेला माणूस लिहितो, सुटलेला माणूस लिहीत नाही. पण तो मेल आला नाही की दुसरा एखादा बिचारा आठवड्याने कपाट उपसून फोन करतो, "अहो, सापडलं!" आणि पलीकडचा म्हणतो, "ते तर कधीच मिळालं." अशी दोनदा फजिती झालेला माणूस तिसऱ्यांदा कपाट उघडत नाही. माझा सगळा जीव त्या तिसऱ्या मेलवर.

बाकीचे शिष्टाचार हळूहळू, माणसं पाहून जमले. एक ड्रॉइंगवाले गृहस्थ होते. त्यांचे इंग्रजी मेल सगळे मोठ्या अक्षरांत. लिस्टवर सगळ्यांची समजूत, हे सतत चिडलेले असतात. कुणी त्यांना उलट उत्तर द्यायला धजत नव्हतं. मी फोन केला तर पलीकडून इतका मऊ आवाज, की मला वाटलं नंबर चुकला. "मॅडम, आयुष्यभर ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरांतच लिहिलं. लहान अक्षर लिहायला हातच वळत नाही." असे राग कागदावरचे असतात, माणसाचे नसतात. तेव्हापासून माझा नियम, मेल वाचून डोकं तापलं तर आधी कँटीनला जाऊन चहा प्यायचा, मग उत्तर. आमचा कँटीनचा चहा इतका पांचट आहे की परत येईपर्यंत राग त्या मेलवरून चहावर गेलेला असतो.

दुसरा नियम, चूक दाखवायची ती बाजूला घेऊन. चारचौघांच्या पंगतीत कुणाच्या अंगरख्यावरचा आमटीचा डाग मोठ्याने दाखवत नाहीत. तसंच इथे. एकट्याला मेल करावा, त्याहून चांगलं म्हणजे फोन.

तो फोन काही वर्षांपूर्वी एका खंडेनवमीला मला देवकर साहेबांना करावा लागला.

देवकर साहेब एका मोठ्या कारखान्यात मेंटेनन्सचे प्रमुख आहेत. माणूस दिलदार, कुणालाही नाही म्हणत नाहीत, फक्त शुभेच्छा द्यायची हौस जबर. त्या वर्षी खंडेनवमीला सकाळीच त्यांनी लिस्टवर फोटो टाकला. मधे हार घातलेला कंप्रेसर, शेजारी रेशमी कुर्ता घातलेले साहेब, दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान. विषय होता, "खंडेनवमीच्या हार्दिक शुभेच्छा". फोटो इतका अवजड की छोट्या वर्कशॉपवाल्यांच्या मेलबॉक्स तुंबल्या.

मग सगळ्यांनी सगळ्यांना उत्तरं द्यायला सुरुवात केली. "आपणांसही." "सेम टू यू सर." "साहेब, कुर्ता एक नंबर!" एकाने वैतागून लिहिलं, मला या लिस्टमधून काढा, तेही सगळ्यांना. दुसऱ्याने लिहिलं, मलाही. तिसऱ्याने सगळ्यांना लिहिलं, कृपया सगळ्यांना लिहू नका. त्यावर "बरोबर आहे" असं आणखी काही जणांनी सगळ्यांना लिहिलं. त्यात दोघांनी रजेचं आपोआप उत्तर लावलेलं, आणि तीही उत्तरं लिस्टवर यायला लागली. रजेवर गेलेली ती दोन माणसं एकमेकांना आपण रजेवर असल्याचं दमेपर्यंत सांगत राहिली.

मी त्या दोघांचे पत्ते तात्पुरते बंद केले. "मला काढा" म्हणणाऱ्यांना एकेकट्याला कळवलं की लिस्टमधून निघायचा दुवा प्रत्येक मेलच्या तळाशी असतो. आणि या विषयाचा जो मेल येईल तो परस्पर वेगळ्या फोल्डरमध्ये जाईल अशी सोय केली. फोल्डरला नाव दिलं "गोडधोड". जेवणाच्या सुट्टीआधी तो फोल्डर न उघडता रिकामा करायचा, असं माझ्या त्या दिवसाच्या कामांत लिहिलं होतं.

मग देवकर साहेबांना टेबलफोनवरून गाठलं.

"साहेब, फोटो छान आहे."

"आहे ना? मिसेसने काढला."

"पण अवजड आहे हो. लोकांच्या मेलबॉक्समध्ये तुमच्या कंप्रेसरएवढी जागा नाही."

"म्हणजे आता शुभेच्छापण देऊ नयेत का माणसाने?" आवाज पडला.

"द्या ना. दोन शब्दांत द्या. आणि उत्तरं तुम्हाला एकट्याला येऊ देत, सगळ्या गावाला नकोत."

"बरं बरं. मी सगळ्यांचे आभार मानून विषय मिटवतो."

"साहेब, आभारपण नकोत," असं मी म्हणेपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता.

आभार आलेच. त्यांनी कुणाच्या तरी शुभेच्छेला उत्तर देता देता विषय बदलून "सर्वांचे मनःपूर्वक आभार" केला होता, म्हणून तो मेल गोडधोडात न जाता सरळ माझ्यासमोर आला. वर एक ओळ, "रेखाताई, आपणांसही सहकुटुंब सहपरिवार!" त्याखाली साहेबांचं नाव, हुद्दा, कारखान्याचं बोधवाक्य, पाणी वाचवा, झाडे लावा. आणि त्याखाली सकाळपासूनचे सगळे मेल जसेच्या तसे लटकलेले. उत्तर देताना खालचं शेपूट कापून टाका, जेवढ्याला उत्तर देताय तेवढंच ठेवा, हे मी लिस्टवर किती वेळा लिहिलं असेल. आता साहेबांना परत फोन करावा म्हणून शेपूट किती लांब आहे ते बघायला खाली गेले.

पहिल्याच वळणावर रेखाताईंचा मेल होता.

"सर्वांना खंडेनवमीच्या शुभेच्छा. आमच्या प्रेसच्या सिलिंडरचं सील चिरलं आहे. दुकानं बंद आहेत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रायल आहे. कुणाकडे असेल तर सांगा हो."

रेखाताई मूळच्या लातूरकडच्या. भोसरीत त्यांचं रबराचे भाग बनवायचं छोटं वर्कशॉप. रबर साच्यात दाबणारी एक जुनी प्रेस, तिच्यावर काम करणाऱ्या सगळ्या बायका, बहुतेक दापोडीच्या गल्ल्यांतून बसने येणाऱ्या. त्यांचं ज्या कंपनीला काम जायचं तिने ते दुसरीकडे हलवलं होतं. दिवाळीनंतर हाताला काम नाही, हे त्या बायकांना ठाऊक होतं. नव्या एका कंपनीने भाग बघायचं कबूल केलं होतं. तिथले साहेब येणार, प्रेस समोर चालवून दाखवायची, भाग पसंत पडला तर काम. नाही चालली तर ते पुढच्या गल्लीतल्या वर्कशॉपात जाणार. ट्रायल म्हणजे हे. आणि सील म्हणजे सिलिंडरचं तेल अडवणारं रबरी कडं.

ही अडचण त्यांनी लिहिली होती शुभेच्छांच्या मेलवर उत्तराचं बटण दाबून. विषय तोच, खंडेनवमीच्या हार्दिक शुभेच्छा. मी गोडधोड फोल्डर उघडला. रेखाताईंच्या मेलला उत्तरं आली होती, चांगली भरपूर. "आपणांसही ताई." "सेम टू यू मॅडम." एकाने नुसते जोडलेले हात पाठवले होते. पहिली ओळ वाचून सगळ्यांनी हात जोडले आणि पुढे गेले. पंगतीत उपाशी माणूस हात वर करून वाढप्याला बोलावत होता, आणि लोकांना वाटलं तो नमस्कार करतोय.

मी फोन लावला.

"रेखाताई, जगदाळे बोलते, लिस्टवाली."

"ताई! मी सकाळपासून बघू लागले, सगळे शुभेच्छाच देऊ लागलेत. मला वाटलं, नाही म्हणायची ही मोठ्या लोकांची पद्धत असंल."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. "सील कसं चिरलं?"

"पूजेसाठी प्रेस धुतली हो. सिलिंडरपण उघडून चकाचक केला. परत बसवताना जुनं सील कडक झालेलं, चिरलं. आता दाब दिला की तेल गळू लागलंय."

यंत्र देवासाठी धुवावं आणि धुण्यातच त्याचं मोडावं, हा प्रकार फक्त आमच्या पट्ट्यात आणि फक्त याच दिवसांत घडतो.

"माप काय?"

"ते तुकडे झालेत, कसं मोजू?"

"सील नका मोजू. आतला रॉड मोजा, आणि ज्या खाचेत सील बसतं ती खाच मोजा. मी धरते फोन."

मागे बायकांचा आवाज. कुणीतरी म्हणालं, नीट धर गं, तुझी बांगडी मोजू लागलीस. मग माप आलं. मी ते परत वाचून दाखवलं, आणि नवीन कोरा मेल उघडला. विषय: "हवंय: प्रेसच्या सिलिंडरचं सील," पुढे माप, पुढे "भोसरी, उद्यापर्यंत". आत तीन ओळी. काय हवंय, का हवंय, कुणाला फोन करायचा. शुभेच्छा नाहीत.

पहिलं उत्तर मला एकटीला आलं. "मॅडम, रबरवाल्या ताईंकडे रबर नाही?" विनोद एकट्याला पाठवला याबद्दल मी त्याला मनात गुण दिले. मग दोघांची उत्तरं, जवळचं माप आहे पण चालणार नाही. तेही कामाचं असतं. नाही हेही लवकर आणि नेमकं कळलं की माणूस दुसरं दार ठोठावतो.

जेवणानंतर आला येळवंडे काकांचा मेल. विषय, "आहे: प्रेसचं सील". आत दोनच शब्द, "फोन करा." काकांना मी तोवर पाहिलेलं नव्हतं. लिस्टवर त्यांचे मेल इतके तोकडे, की मला वाटायचं हा माणूस टेलिग्राम खात्यात असावा. घरच्या शेताच्या कडेला शेड टाकून काढलेलं त्यांचं वर्कशॉप. फोन केला.

"व्हय ताई, हाय सील. अगदी त्याच मापाचं हाय. पर पंचाईत झाली ना."

"काय झालं?"

"कपाटाची पूजा झाली. कपाटाला हार, हँडलला कुंकू. आमच्यात उद्या सोनं वाटल्याबिगर हात लावत न्हाईत. आजवर कुणी लावला न्हाई."

मागून काकूंचा आवाज. "कुणाचा फोन हाय?"

"त्या लिस्टवाल्या ताई. भोसरीच्या एका बाईला सील पायजे."

"मग द्या की."

"कपाट पूजलंय की गं."

"अवो, चार बायांचं काम अडलंय आन तुमी कुंकवाकडं बघत बसलाय व्हय? देवानं काय तुमच्या कपाटाला कुलूप लावून घेतलंय?"

"तू गप जरा. मी इचार करतोय." मला टेबलफोनच्या हारातला झेंडू नाकाला लागत होता. मग काका म्हणाले, "ताई, मला सांगा, सील हत्यार हाय का? हत्यार म्हंजे जे कापतं, ठोकतं, पकडतं. सील काय करतं? एका जागी बसून ऱ्हातं. आमच्या थोरल्यावानी. त्याला हत्यार म्हणता येत न्हाई."

"काका, बरोबर आहे."

"मग ठरलं. मंडळी, कपाट तुमी उघडा. तुमाला न्हाई देव काय बोलायचा."

या निर्णयाची चर्चा काकांनी लिस्टवर केली नाही याचं मला फार कौतुक वाटतं. केली असती तर रबरी कडं हत्यारात मोडतं का यावर दिवाळीपर्यंत मेल चालले असते.

सील न्यायचं कोणी? देवकर साहेबांचा मेल आला, मला एकटीला, विषय अचूक, फोटो नाही, बोधवाक्य नाही. "मी मोशीत राहतो. उद्या सकाळी जाऊन आणतो. मी ताईंना नुसतं आपणांसही म्हणालो होतो."

दसऱ्याच्या दिवशी निगडीच्या घरी पुरणाचा घाट घालता घालता मी फोनवर वाट बघत होते. साहेब खेडच्या दिशेने निघाले ते चाकणच्या चौकात अडकले. झेंडूने भरलेले टेम्पो, हार घातलेल्या नव्या कोऱ्या मोटारसायकली, पेढ्यांचे बॉक्स घेऊन शोरूमबाहेर फोटो काढणारी कुटुंबं. "मॅडम, माझ्यापुढे एक ट्रॅक्टर आहे, तोही आजच घेतलेला दिसतोय, चालवणाऱ्याला अजून गिअर सापडत नाहीये." मी म्हटलं, साहेब, त्याला शुभेच्छा द्या. ते मोकळेपणाने हसले, तेव्हा मला कळलं की माझ्या कालच्या फोनचा राग त्यांच्या मनात राहिलेला नाही.

दुपारी मी भोसरीला पोहोचले. सोनं द्यायचं निमित्त, पण खरं म्हणजे मला राहवलं नाही. रेखाताईंच्या शेडमध्ये सगळ्या बायका सणाच्या साड्या नेसून जुन्या प्रेसभोवती उभ्या होत्या, एखादं बाळ बघायला जमतात तशा. देवकर साहेब कालच्याच रेशमी कुर्त्याच्या बाह्या वर करून सिलिंडरसमोर बसले होते. आणि त्यांच्या शेजारी एक उंच, टोपीवाले गृहस्थ.

"येळवंडे काका? तुम्ही स्वतः आलात?"

"मग सील एकटं कसं धाडू? पहिल्यांदाच घराबाहेर पडलंय ते."

"मेलवरून मला तुम्ही बुटके वाटला होता."

"मेल बुटका असतो, ताई. माणूस न्हाई."

काकांनी आपट्याची पानं काढली, त्यांच्यावर सील ठेवलं आणि रेखाताईंच्या हातात दिलं. म्हणाले, सोनं घ्या. रेखाताईंनी वाकून नमस्कार केला आणि लगेच म्हणाल्या, "तेल लावलंय का याला? कोरडं बसवलं तर परत चिरंल." सगळे हसले. सोनं वाटून झालं होतं, यंत्राला हात लावायला आता कुणाची हरकत नव्हती. साहेबांनी ते बसवलं, इतक्या हळू हातांनी, की हुद्द्याखाली लपलेला जुना फिटर त्या दिवशी आम्हाला दिसला.

मग प्रेसखाली वर्तमानपत्र पसरलं. दाब दिला. काटा वर चढला. सगळ्यांनी कागदाकडे बघितलं. कागद कोरडा. परत दाब दिला. कोरडा. एका बाईने खाली वाकून कागदावरून बोट फिरवलं, बोट वर करून सगळ्यांना दाखवलं, आणि मग त्या शेडमध्ये जो गलका झाला तसा मी कुठल्या लग्नातही ऐकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा टेबलफोन वाजला. "पसंत पडला, ताई." मागच्या आवाजांनी बाकीचं सांगितलं.

तर अशी ती खंडेनवमी. मी पुष्कळदा विचार करते, त्या दिवशी देवकर साहेबांनी माझं ऐकून मेलचं शेपूट नीट कापलं असतं तर? मी फोल्डर न उघडताच पुसला असता. एका नियमाच्या बाहेर गेलेल्या मेलमुळे रेखाताई हरवल्या आणि दुसऱ्या नियमाच्या बाहेर गेलेल्या मेलमुळे सापडल्या. तरी मी नियम सोडले नाहीत. शेपूट कापा असं अजूनही लिहिते. फक्त कुठलाही फोल्डर पुसण्याआधी एकदा आत डोकावते, शुभेच्छांची दुसरी ओळ वाचते. पहिली ओळ रीत असते, माणूस बहुधा दुसऱ्या ओळीत असतो.

देवकर साहेब दरवर्षी आजच्या दिवशी लिस्टवर दोन शब्द पाठवतात, "शुभेच्छा. देवकर." खाली कंसात लिहितात, उत्तर नको. रेखाताईंकडे आता दुसरी प्रेस आली आहे, आणि जास्तीच्या सीलांचा एक खण. पूजेच्या आदल्या संध्याकाळी त्या जुनी सगळी मापं तपासून लिस्टवर मेल टाकतात, "आहे: सील," आणि पुढे मापांची ओळ. शेवटी, "हा खण आम्ही पूजेत धरत नाही. कधीही या." मागच्या वर्षी त्यातलं एक सील तळवडेतल्या एका मुलाला उपयोगी पडलं. त्याने "मिळालं" लिहिलं, तेही दोन ओळींत. मी खूश.

पण रेखाताईंनी स्वतः "मिळालं" अजून लिहिलेलं नाही. त्या वर्षीचा तो "हवंय" लिस्टवर उघडाच आहे. मी बंद करू शकते, पण नियम माझाच आहे, ज्याने मागितलं त्यानेच बंद करायचं. आणि काका या बाबतीत माझ्याहून कडक. त्यांनी सील स्वतःच्या हाताने दिलं, ते बसताना पाहिलं, ट्रायलचे पेढे खाल्ले, नव्या प्रेसच्या पूजेला काकूंना घेऊन आले. तरी दर खंडेनवमीला त्यांचा मेल येतो, "ताई, ते सील पोचलं का?" एकदा मी म्हटलं, काका, तुम्हाला माहीत आहे की. तर म्हणाले, "मला माहीत हाय, लिस्टला न्हाई. लिस्टवर आलं न्हाई, म्हंजे मिळालं न्हाई." माझ्या नियमाचा असा भक्त मला दुसरा मिळायचा नाही.

आज त्यांनी विषयाची ओळ बदलली. सकाळी मेल उघडला तर, "हवंय: रेखाताईंचा मिळालं." आत काही नाही. कोरा मेल.

मी हसत हसत भोसरीला फोन लावला.

"रेखाताई, आता तरी लिहा. दोन ओळी."

"लिहिलाय की ताई. केव्हाचाच लिहून ठेवलाय. कुणाकडून मिळालं, कसं बसलं, सगळं. अगदी दोन ओळींत बसवला, तुमच्या नियमात."

"मग पाठवत का नाही?"

पलीकडे प्रेस बंद होत्या, म्हणून त्यांचा हळू आवाजही स्पष्ट आला.

"पाठवला की विषय बंद होतो ना. मग काका पुढच्या खंडेनवमीला काय विचारणार?"

काचेपलीकडे कुणीतरी कुणाच्या तरी कानात ओरडत होतं, पेढा घ्या. मी आजच्या कामांची वही पुढे ओढली. देवकर साहेबांना उत्तर द्यायचं नाही, त्यावर खूण केली. नवीन सभासदांना तीन शब्द कळवायचे, झालं. रेखाताईंचा विषय बंद करून घेणे. पेन टेकवलं, उचललं, आणि पान उलटून ते काम उद्याच्या तारखेखाली लिहिलं.